परसातली खताची बादली



काय खावे, किती चालावे, कोणती गोळी जेवणाआधी व कोणती जेवणानंतर घ्यावी, एवढे सांगितले की आपले काम झाले असे आम्हां वैद्यकीय व्यावसायिकांना वाटत असते. परंतु तपासणीच्या टेबलावरून उतरताना अनेक ज्येष्ठ रुग्ण हळूच एक प्रश्न विचारतात, आणि त्याचे उत्तर आमच्या पाठ्यपुस्तकांत नसते. "डॉक्टर, दिवसभर करू काय?"

या प्रश्नाला "विश्रांती घ्या" हे उत्तर मला कधीच पटलेले नाही. ज्यांच्या घराला परसू आहे, अंगण आहे, गच्ची किंवा निदान एक मोठी बाल्कनी आहे, त्यांना गेली काही वर्षे मी एक काम सुचवत आले आहे. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यापासून खत करणारी बादली घरीच तयार करावी आणि ती घरातल्या ज्येष्ठ माणसाने सांभाळावी. काम रोजचे आहे, थोडेसेच आहे, पण चार दिवस दुर्लक्ष झाले तर ते सर्व घराला कळते. माणसाला आपली गरज आहे असे वाटण्यासाठी कामाला एवढा गुण असावाच लागतो.

पत्नीच्या निधनानंतर माझ्याकडे दर आठ दिवसांनी छातीत धडधडते म्हणून येणारे एक निवृत्त शिक्षक होते. कार्डिओग्राम नेहमी ठीक असे. त्यांच्या सूनबाईंनी अशी बादली परसात मांडून ती सासऱ्यांच्या स्वाधीन केली. पुढे दीड महिन्याने ते आले ते बादलीत पांढऱ्या अळ्या झाल्या आहेत, त्या चांगल्या की वाईट, हे विचारण्यासाठी. धडधडीचा विषय मीच काढला. बादली हे औषध ठरले असे मी म्हणणार नाही. त्यांची रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि चालूच राहील. अळ्यांचे उत्तर पुढे येईल.

खत म्हटले की डोळ्यांपुढे गावाकडचा उकिरडा उभा राहतो : माश्या, शेण, पावसाळ्यात गल्लीभर पसरणारा वास. उकिरडा आणि खताची बादली यांत फरक आहे तो हवेचा. उकिरड्यात ओला कचरा दाबला जातो, आत हवा शिरत नाही, आणि हवेवाचून जगणारे जिवाणू तो कुजवतात. दुर्गंधी त्यांच्या कामाची असते. हवा खेळती राहिली, ओल बेताची राहिली आणि ओल्याच्या जोडीला पुरेसे सुके पडले, तर हवेवर जगणारे जिवाणू व बुरश्या तेच काम लवकर आणि जवळजवळ वासाशिवाय उरकतात. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो असे आपल्याकडे म्हणतात. बादलीला तीन महिने पुरतात.

ही पद्धत शास्त्रशुद्ध रीतीने मांडली गेली ती इंदूरला. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात तेथील संशोधनसंस्थेत होते. शेतातला काडीकचरा, गोठ्यातले शेण व मूत्रात भिजलेली माती, थोडी राख यांचे थर रचून, ते ठरावीक अंतराने उलटून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची 'इंदूर पद्धत' त्यांनी बसवली. त्यावरचे १९३१ सालचे पुस्तक हॉवर्ड यांनी यशवंत वाड या आपल्या सहकाऱ्यासमवेत लिहिले. हॉवर्ड यांचे नाव जगभर झाले. वाड यांचे नाव आपल्याकडेही क्वचितच घेतले जाते, म्हणून येथे मुद्दाम लिहिले. पुढे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवारा'तून थोड्या जागेतील शेतीचा विचार मराठी घरांपर्यंत नेला. तेव्हा आपण जे करू पाहतो त्यात परके असे काही नाही.

आता प्रत्यक्ष बादलीकडे वळू. दोन ज्येष्ठ आणि अधूनमधून येणारी नातवंडे, एवढ्या घराला रंगाच्या वीस लिटरच्या तीन रिकाम्या, झाकण असलेल्या बादल्या पुरतात. पाण्यात मिसळायच्या रंगाची बादली घ्यावी व स्वच्छ धुऊन उन्हात वाळवावी. कीटकनाशक किंवा कारखान्यातले रसायन ठेवलेले पिंप फुकट मिळाले तरी घेऊ नये. तीनच का, तर त्याचा हिशोब सोपा आहे. कचरा रोज खाली बसत जातो, त्यामुळे एक बादली भरायला साधारण महिना लागतो. भरल्यावर तिला दोन महिने स्वस्थ मुरू द्यावे लागते. पहिली मुरत असताना दुसरी भरते, मग तिसरी. आणि तिसरी भरेपर्यंत पहिलीतले खत काढण्याजोगे होते. हे चक्र एकदा सुरू झाले की थांबत नाही. घर मोठे असेल तर बादलीचा आकार वाढवू नका, संख्या वाढवा. भरलेली वीस लिटरची बादलीसुद्धा दहा-बारा किलोंच्या घरात जाते, आणि ती उचलण्याचा मोह हाच पाठीच्या दुखण्याचा आरंभ असतो.

बादलीला भोके पाडावी लागतात. बाजूंना सर्वत्र चार-चार बोटांच्या अंतरावर, पेन्सिल जाईल एवढी, बुडाला आठ-दहा. खिळा तापवून प्लास्टिक वितळवण्याचा मार्ग सर्वांना ठाऊक असतो, पण तो धूर दम्याच्या माणसाने घेऊ नये आणि थरथरत्या हातात तापलेला खिळा असू नये. शेजारच्या सुताराकडे ड्रिल असते, दहा मिनिटांचे काम आहे, त्याच्याकडून करून घ्यावे. आतल्या अंगाने मच्छरदाणीच्या जाळीचे तुकडे लावले की माश्या व झुरळे दूर राहतात. उंदरांचा उपद्रव असेल तेथे बाहेरून बारीक तारेची जाळी गुंडाळावी. ही जाळी ऐच्छिक समजू नये. कारण पुढे सांगते.

बादली कोठे ठेवावी, हा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि बागकामाची पुस्तके त्यावर थांबत नाहीत. ती जमिनीवर ठेवू नये. विटांचा दोन फूट उंच ओटा करावा किंवा मजबूत लोखंडी स्टँड घ्यावे. म्हणजे बादलीचे तोंड कमरेच्या उंचीवर येते. गुडघ्यांची झीज झालेल्यांना उकिडवे बसावे लागत नाही, पाठीला वाक पडत नाही. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांना खाली वाकून एकदम उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, ती वेळही टळते. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडण्याचे प्रसंग बहुधा अशाच क्षुल्लक उठबशीत घडतात. ओटा सावलीत असावा, वाट ओलीशेवाळी नसावी, आणि हात टेकायला भिंत किंवा कठडा जवळ असावा. शक्य असल्यास शेजारी एक खुर्ची ठेवावी. बादलीखाली पाझर झेलायला परात ठेवाल, तर ती रोज रिकामी करा. परातीत आणि कुंड्यांखालच्या बशांत साचलेले पाणी डासांना आठवडाभर पुरते, आणि डेंग्यूचा डास तर दिवसा, आपण झाडांपाशी रमलो असतानाच चावतो.

तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा बारीक काड्या चार बोटे पसरा, त्यावर सुका पाला, त्यावर मूठ-दोन मुठी जुने खत किंवा झाडाखालची माती. दुकानातली 'कल्चर'ची पुडी घेतली तर बिघडत नाही, परंतु तिच्यावाचून अडतही नाही. मातीत लागणारे जिवाणू असतातच. त्यानंतर रोजचा क्रम एकच : एक वाटी ओले, त्यावर दीड-दोन वाट्या सुके, आणि झाकण. ओले म्हणजे भाज्यांचे देठ, फळांच्या साली, धुऊन निथळलेला चहाचा चोथा, दोरा काढलेले निर्माल्य. सुके म्हणजे वाळका पाला, शेंगांची टरफले, उसाचा वाळलेला चोथा, लाकडाचा भुसा, फाडलेले वर्तमानपत्र. जिवाणूंना एक भाग नत्रामागे सुमारे तीस भाग कर्ब लागतो; ओल्यात नत्र अधिक, सुक्यात कर्ब अधिक, म्हणून हे वाट्यांचे माप. माझ्या पाहण्यात ज्यांची बादली बिघडली, त्यांतील बहुतेकांनी सुक्यात काटकसर केली होती. पाला गोणीत भरून टांगून ठेवावा. परसाच्या कोपऱ्यात ढीग केला तर पावसाळ्यात त्यात विंचू, गोम आणि क्वचित सापही आसरा घेतो.

मांस, मासळी, हाडे, तेलकट खरकटे, दुधाचे पदार्थ, कुत्र्या-मांजरांची विष्ठा यांना बादलीत जागा नाही. शेतावरचा घनमीटरभर ढीग आतून पंचावन्न ते पासष्ट अंशांपर्यंत तापतो आणि त्या उष्णतेत रोगजंतू बहुतांशी मरतात. आपली बादली लहान असते. ती कोमट होते, तापत नाही. म्हणजे जे जंतू आत जातील ते मरतील अशी खात्री धरता येत नाही.

काळजीवाहकांनी येथे विशेष लक्ष द्यावे. आजारी माणसाच्या घरातून निघणाऱ्या कचऱ्यात पुष्कळदा प्रौढांचे डायपर, जखमेचा कापूस, मुदत संपलेल्या गोळ्या आणि इन्सुलिनच्या सुया असतात. "कापूसच आहे, कुजेल" म्हणून तो बादलीत टाकणारी घरे मी पाहिली आहेत. त्यांपैकी काहीही खतात जाता कामा नये. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच वेगळे करणे बंधनकारक केले. डायपर कागदात घट्ट गुंडाळून, खूण करून वेगळे द्यावेत. सुया जाड प्लास्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या बरणीत जमवाव्यात आणि बरणी भरली की आपल्या दवाखान्यात किंवा प्रयोगशाळेत विचारून तेथे द्यावी. त्यांच्याकडे अशा कचऱ्याची स्वतंत्र व्यवस्था असते. उघड्यावर टाकलेली सुई सफाई कामगाराच्या हातात घुसते, आणि तिच्यावर कोणाचे रक्त आहे हे त्याला ठाऊक नसते.

आता स्वतःच्या शरीराची तयारी. धनुर्वाताची लस घेऊन किती वर्षे झाली हे आठवत नसेल, तर घेतलेली नाही असे समजावे. मातीत आणि शेणात धनुर्वाताचे जंतू सुप्त अवस्थेत वर्षानुवर्षे राहतात. प्रौढांना दर दहा वर्षांनी टीडीचे इंजेक्शन हवे. जखम मातीने मळलेली असेल आणि मागचे इंजेक्शन पाच वर्षांपूर्वीचे असेल, तर पुन्हा द्यावे लागते.

मधुमेहींनी परसात अनवाणी पाऊल टाकू नये, आणि अंगठ्याची उघडी चप्पलही पुरेशी नाही. पुढून बंद असलेले पादत्राण हवे. माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांच्या तळव्यात बाभळीचा काटा चार दिवस होता. त्यांना तो कळला तो दुखल्यामुळे नव्हे, पायमोज्यावर डाग दिसला म्हणून. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांची संवेदना अशी नकळत जाते. बागेतून आल्यावर पाय धुवावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात आणि तळवे आरशात किंवा दुसऱ्या कोणाकडून पाहून घ्यावेत. सहचर असेल तर एकमेकांचे पाय पाहण्याची ही दोन मिनिटे फार मोलाची असतात.

उंदरांच्या जाळीचे कारण असे, की उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा नावाचा जिवाणू ओल्या मातीत उतरतो आणि भेगाळलेल्या त्वचेतून शरीरात शिरतो. कोकण आणि मुंबईच्या वाचकांना हा आजार नवा नाही. पावसाळ्यात ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे आणि डोळे लाल होणे ही लक्षणे दिसली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे आणि आपण मातीत हात घालतो हे सांगावे. पुष्कळ रुग्ण ते सांगत नाहीत, कारण त्यांना ते आजाराशी संबंधित वाटत नाही.

बादली उलथताना जी धूळ उडते, तिच्यात बुरशीचे बीजकण असतात. निरोगी फुप्फुसे ते सहज परतवतात. दमा किंवा जुना धूम्रपानाचा खोकला असेल त्याने मास्क लावावा, तोंड बादलीपासून दूर ठेवावे, वाऱ्याकडे पाठ करावी आणि मिश्रण कोरडे असताना ढवळू नये, आधी पाणी शिंपडावे. विकतच्या मातीची किंवा खताची पिशवी फोडतानाही हीच काळजी घ्यावी. तिच्या धुळीतून लिजनेला जातीचा एक जिवाणू फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया झाल्याची उदाहरणे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये चांगली नोंदलेली आहेत. कर्करोगाची केमोथेरपी चालू आहे, मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झाले आहे, स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रा चालू आहेत किंवा जुन्या क्षयरोगाने फुप्फुसात पोकळी राहिली आहे, अशांनी बादलीचे झाकणही उघडू नये. त्यांनी भाजी निवडावी, पाला चुरडू नये, आणि देखरेख खुर्चीवरून करावी. हुकूम सोडणे हेही कामच आहे, आणि काही घरांत ते आजोबांना अधिक जमते.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला या कामातला एक तुकडा देता येतो : वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडणे, मटारची टरफले वेगळी करणे. तेच तेच करण्याचा त्यांना कंटाळा येत नाही, उलट हात चालू राहिले की सायंकाळची अस्वस्थता पुष्कळदा कमी होते असा माझ्या रुग्णांच्या घरांतील अनुभव आहे. मात्र त्यांच्याजवळ कोणीतरी बसावे. कोणती वस्तू तोंडात घालावी याचे भान त्यांना नेहमी राहत नाही. आणि काळजीवाहकांनो, पट्ट्या वेड्यावाकड्या झाल्या म्हणून त्या त्यांच्यादेखत पुन्हा फाडू नका.

बादलीची प्रकृती ओळखणे रुग्णाची ओळखण्याहून सोपे आहे. दर दोन-तीन दिवसांनी हातखुरप्याने वरचा अर्धा भाग हलवा. हातमोजा घालून मूठभर मिश्रण घट्ट दाबा. एखादा थेंब गळाला तर ओल योग्य, धार लागली तर अधिक, मूठ उघडताच भुगा झाला तर कमी. सडका वास आला तर हवा कमी पडते आहे : सुके घाला आणि दोन दिवस ओले बंद ठेवा. नाक झोंबेल असा अमोनियाचा वास आला तर नत्र जास्त झाले, त्यावरही सुका पालाच. मुंग्या लागल्या तर बादली कोरडी आहे, पाणी शिंपडा. त्या शिक्षकांच्या पांढऱ्या, जाडसर अळ्या बहुधा काळ्या सैनिकमाशीच्या होत्या. ती माशी घरातल्या अन्नावर बसत नाही, रोग पसरवत नाही, आणि तिच्या अळ्या कचरा झपाट्याने संपवतात. किळस वाटणे स्वाभाविक आहे, पण त्यांच्यावर कीटकनाशक फवारू नये. ते विष पुढे आपल्याच भाजीत उतरते. सुका पाल्याचा जाड थर दिला की त्या दिसेनाशा होतात.

वेळ सकाळची ठेवावी; उन्हाळ्यात आठच्या आत. जेवढे काम पंधरा-वीस मिनिटांत होईल तेवढेच करावे, उरलेले उद्या. छातीवर दडपण, धाप किंवा दरदरून घाम आला तर खुरपे तेथेच टाकून बसावे आणि घरातल्यांना हाक मारावी. बादली झाकण्यासाठीही थांबू नये.

खत तयार झाल्याची खूण नाकालाच पटते : पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास, गडद तपकिरी रंग, आणि साल-देठ ओळखू येत नाही. चाळणीने चाळून वरची भरड पुढच्या बादलीत टाकावी. कुंडीत एक भाग खताला तीन भाग माती घ्यावी. केवळ खतात रोप लावले तर ते तग धरत नाही. पहिल्या खेपेचे खत गुलाब, जास्वंद, कढीपत्ता, वांगी, मिरची यांना द्यावे. कोथिंबीर, पुदिना, मुळा, म्हणजे जे आपण कच्चे खातो, त्यांना आणखी महिनाभर मुरलेले खत द्यावे आणि ती पाने वाहत्या पाण्याखाली नीट धुवावीत. हातमोजे घातले होते तरी हात साबणाने धुवावेतच, आणि नखे बारीक ठेवावीत. जंतांच्या अंड्यांना नखांखालची जागा फार आवडते.

पावसाळा तोंडावर आला आहे. या पंधरवड्यात बादलीपेक्षा आधी पाला गोळा करून कोरड्या जागी टांगा, कारण आषाढात सुके पान शोधून सापडत नाही.